रुक्माबाईंच्या अंजिराची पानं

पारोळ्यात धुळे रस्त्याच्या बाजूला जी नवी वस्ती झाली आहे, तिथं रुक्माबाईंचं घर आहे. घर तीन खोल्यांचं, पण मागचं अंगण चांगलं लांबरुंद. रुक्माबाईंनी अठ्ठावीस वर्षं वन खात्याच्या रोपवाटिकेत काम केलं होतं. पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, कलमं बांधायची, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालायचं. निवृत्त होताना त्यांनी तिथून अंजिराची एक फांदी मागून आणली आणि अंगणाच्या कोपऱ्यात लावली. सहा वर्षांत तिचं झाड झालं. फळं फारशी गोड नव्हती, निम्मी तर पोपट खात. पानं मात्र तळहातापेक्षा मोठी आणि भरपूर.

अंजिराच्या पानाची त्यांना लहानपणापासून ओळख होती. माहेरी भडगावला विहिरीजवळ एक झाड होतं. कुणाला चामखीळ झाली की आई पानाचा देठ मोडून त्याचा पांढरा चीक लावायची, आणि तो चीक दुसरीकडे लागला की अंगाला खाज सुटते म्हणून आधी भोवती तेल चोळायची. कोरडा खोकला उठला की दोन पानं पाण्यात उकळून, गाळून, कोमट प्यायला द्यायची. साखरेच्या आजारावर मात्र आईनं कधी पान दिलं नव्हतं. तेव्हा कुणाला साखर आहे हे कळायचंच नाही.

रुक्माबाईंना साखर निघाली ती साठीनंतर. त्यांची सून मृणाली जवळच्या गावातल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी होती. तिनंच सरकारी दवाखान्यात नेऊन तपासणी करून घेतली, गोळ्या सुरू करून दिल्या आणि रोज पहाटे चालायला लावलं. त्याच दिवसांत कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला मजकूर रुक्माबाईंच्या वाचनात आला: अंजिराच्या पानांचा चहा घेतला तर साखर उतरते. झाड दारातच होतं. त्यांनी चार पानं धुतली, कात्रीनं बारीक केली, दोन कप पाण्यात घालून एक कप होईपर्यंत उकळली. चव जरा गवतासारखी, पण मागं एक मंद गोडसर वास राहायचा. त्यांना ती आवडली. सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या चहाऐवजी त्या हाच चहा घ्यायला लागल्या. तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर एकशे ऐंशीवरून एकशे तीसवर आली.

आनंदाच्या भरात त्यांनी ती गोष्ट बऱ्याच जणांना सांगितली. सगळ्यात आधी सांगितली कुसुमलताभाभींना.

कुसुमलता आणि त्यांचे यजमान रिखबचंद यांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या पारोळ्यात काढल्यामुळे भाभी गिऱ्हाइकाशी आणि शेजाऱ्यांशी इथल्यासारखीच खान्देशी बोलत. रुक्माबाईंची आणि त्यांची मैत्री साखरेनं जमवलेली. सरकारी दवाखान्यात तपासणीच्या रांगेत दोघी शेजारी बसल्या, डॉक्टरांनी दोघींना चालायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून किल्ल्याच्या खंदकाकडेनं दोघी रोज पाऊण तास चालायला लागल्या. एकीच्या पायात कॅनव्हासचे बूट, दुसरीच्या पायात चप्पल. बोलणं मुलांचं, गुडघ्यांचं, भाजीचं. तेव्हापासून हा नेम चुकला नव्हता.

पानाचं ऐकून भाभी चालता चालता थांबल्या.

"अक्का, आमनामा अंजीर चालत नही. त्यामा बारीक जीव ऱ्हातस. पण पान चाली का?"

"पान ते पानच शे, भाभी. पण तुम्ही इचारी ल्या," रुक्माबाई म्हणाल्या.

भाभींनी जैन स्थानकात जाऊन साध्वीजींना विचारलं. चातुर्मास लागत होता, हिरवा पाला बंद होता. औषध म्हणून वाळलेलं पान घ्यायला हरकत नाही, असं उत्तर मिळालं. मग रुक्माबाईंनी खास भाभींसाठी पानं वाळवली. उन्हात वाळवली तर काळी पडतात, म्हणून ओसरीत जुनी सुती साडी पसरून सावलीत. तोडताना हाताला फडकं गुंडाळून, चीक पुसून, शिरा काढून. आठ दिवसांनी पानं हातात चुरली की कुरकुरायची. ती त्यांनी झाकणाच्या डब्यात भरून दिली, आणि दर पंधरा दिवसांनी डबा पुन्हा भरून देत राहिल्या.

हळूहळू बाकीचे लोकही यायला लागले. कुणी पिशवी घेऊन, कुणी पदरातच. रुक्माबाई कुणाला नाही म्हणत नसत. त्यांचे यजमान चिंधाआबा ओसरीत खाटेवर बसून पेपर वाचत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून हसत. "बठ्ठा गाव आठेच शे आज," सगळं गाव आपल्याच घरी लोटल्याच्या कौतुकानं ते म्हणत. रुक्माबाई प्रत्येकाला तेच सांगत: चार पानं, दोन कप पाणी, निम्मं होऊ द्यायचं. माझी साखर पन्नासनं उतरली.

एक गोष्ट त्या सांगत नव्हत्या. सकाळच्या नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी त्या गोळी घेतच होत्या. लपवायचं म्हणून नव्हे. दात घासल्याचं कुणी कुणाला सांगतं का? तसंच ते.

कार्तिकात थंडी पडायला लागली आणि एका सकाळी भाभी खंदकाजवळ आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, नवी चप्पल चावली, जरा फोड आलाय. आठ दिवस झाले तरी त्या येईनात, तेव्हा रुक्माबाई सरळ त्यांच्या घरी गेल्या. दुकानाच्या वर घर होतं. भाभी खुर्चीत बसलेल्या, पाय स्टुलावर, करंगळीभोवती हळदीनं पिवळी झालेली पट्टी.

"सोडा पट्टी, देखू द्या," रुक्माबाई म्हणाल्या.

"काही नही अक्का. चप्पल लागनी, बस."

रुक्माबाईंनी खाली बसून पट्टी स्वतःच सोडली. करंगळी सुजली होती आणि टोकाला काळी पडली होती. वास येत होता. भाभींना त्याचं फारसं दुखत नव्हतं, आणि तेच रुक्माबाईंना भीतीदायक वाटलं. पायाची जखम दुखत नसेल तर जास्त जपायचं, असं मृणाली घरी दहा वेळा म्हणालेली.

"भाभी, गोळी चालू शे ना?"

भाभी हसल्या. "आते गोळी कसाले? तुम्हनं पान शे ना."

रुक्माबाईंना हातातली पट्टी खाली ठेवता येईना. आषाढापासून कार्तिकापर्यंत त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले. चार. गोळीनं पोट बिघडायचं, चातुर्मासात एक वेळ जेवण, त्यात पानाचा चहा मिळाला, म्हणून भाभींनी गोळी सोडून दिली होती. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. मुलगा अमन पुण्याला असायचा, आणि रिखबचंदांना दुकानातून वर यायला रात्रीचे आठ वाजत.

रुक्माबाई खाली दुकानात गेल्या आणि रिखबचंदांना म्हणाल्या, "भाऊ, गाडी काढा. आत्ता धुळ्याला जायचंय."

धुळ्याच्या दवाखान्यात भाभींची साखर चारशे बारा निघाली. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे होते. पाय बघून त्यांनी आधी दाखल करून घ्यायची सोय केली, मग शांतपणे विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"चार महिने झाले. अंजिराच्या पानांचा चहा घेते," भाभी म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

भाभींनी रुक्माबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच मोबाइलवर वाचलं."

रुक्माबाई दाराशी उभ्या होत्या. गप्प राहणं सोपं होतं, भाभींनी ते सोपं करून ठेवलं होतं. रिखबचंद बाकावर मान खाली घालून बसले होते.

"पानं मी दिली, साहेब," रुक्माबाई म्हणाल्या. "माझ्याच झाडाची. वाळवून दिली."

रिखबचंदांनी मान वर केली. ती नजर रुक्माबाईंना बोचली.

डॉक्टर रागावले नाहीत. "तुम्हालाही साखर आहे? गोळी घेता?"

"घेते."

"यांना ते सांगितलं होतं?"

"नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "आणखी किती जणांना पानं दिलीत?"

"मोजलंच नाही, साहेब."

दोन दिवस औषधं देऊन पाहिली, पण करंगळी वाचली नाही. ती काढावी लागली. पाऊल वाचलं. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर तेही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. रुक्माबाई बसनं पारोळ्याला परतल्या. धुळ्यापासून घरापर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण वाटेत काय दिसलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मृणाली घरी आली तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात झाडाखाली बसलेल्या. बुद्धभूषण, म्हणजे मृणालीचा नवरा, धुळ्याला कॉलेजात शिकवायचा. तो दवाखान्यात येऊन गेला होता; त्यानं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती शेजारी बसली.

"खरं सांग," रुक्माबाई म्हणाल्या. "पानात काही आहे, की मी उगाच वेडी झाले?"

मृणाली म्हणाली, "काही नाही असं नाही, आई. अंजिराच्या पानांवर थोडे अभ्यास झालेत. जेवणानंतरची साखर जरा कमी राहते असं त्यातल्या काहींत दिसलं. पण माणसं मोजकी होती, दिवस थोडे होते. त्यावरून गोळी सोडा असं कुणीही म्हणणार नाही. आणि उलटंही होऊ शकतं. कुणी इन्सुलिन घेत असेल आणि वर हा काढाही पीत असेल, तर साखर जास्त खाली जाऊन चक्कर येऊ शकते."

"मग माझी पन्नासनं उतरली ती?"

"तुम्ही गोळी घेता. रोज चालता. आणि हा चहा सुरू केलात तेव्हा दुसरा चहा बंद केलात, दोन दोन चमचे साखरेचा. त्या चार चमच्यांचं श्रेय कुणी घ्यायचं?"

रुक्माबाईंना हसू आलं नाही. त्या झाडाकडे बघत होत्या. थंडीनं पानं पिवळी पडून गळायला लागली होती. "उद्यापासून पान द्यायचं बंद," त्या म्हणाल्या.

"बंद केलंत तरी दिलेली पानं घराघरात आहेतच," मृणाली म्हणाली.

त्या रात्री जेवण झाल्यावर रुक्माबाईंनी एक वही घेतली आणि चिंधाआबांसमोर ठेवली. त्यांना स्वतःला बारा नावं आठवली. आबांना बाकीची आठवली, कारण खाटेवर बसून त्यांनी प्रत्येकाला आत येताना पाहिलेलं. कुणाचं नाव माहीत नसलं तर ते वर्णन करायचे: सायकलवर यायचा तो, लाल शालवाली, बाजारात कांदे विकते ती. सगळी मिळून सव्वीस घरं झाली.

दुसऱ्या दिवसापासून रुक्माबाई निघाल्या. रोज एक-दोन घरं. दारात उभं राहून त्या आधी तेच सांगत: "मी तुम्हाला पान दिलं, पण एक सांगायचं राहिलं. मी गोळी कधीच सोडलेली नाही. तुमची चालू आहे का?" मग भाभींच्या पायाचं सांगत. नाव घेऊ का, असं त्यांनी भाभींना फोनवर विचारून घेतलं होतं. भाभी म्हणाल्या होत्या, घ्या की, करंगळी माझीच गेली, लाज कसली.

बहुतेक जणांच्या गोळ्या चालू होत्या. काही जणांनी तर पानं नेऊन तशीच ठेवून दिली होती. पण हिलाल टेलर यांनी दीड महिन्यापासून गोळी बंद केली होती. शिलाई मशीनवर पाय चालवत ते म्हणाले, "मावशी, मले ते एकदम चांगलं वाटी राह्यनं."

"भाभीलेबी चांगलंच वाटत व्हतं," रुक्माबाई म्हणाल्या.

मशीन थांबली.

भिकुबाईंच्या घरी वेगळंच निघालं. त्या इन्सुलिन घेत होत्या, आणि दिवाळीपासून दुपारी दोनदा त्यांना घाम फुटून अंधारी आली होती. वयामुळे असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रुक्माबाईंनी तिथूनच मृणालीला फोन लावला. मृणालीनं पानाचा चहा आजच थांबवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

सगळीकडे चांगलंच झालं असं नाही. एका घरातल्या सुनेनं दारातूनच सुनावलं, आधी आजार वाढवायचे आणि मग समाजसेवा करायची. रुक्माबाईंनी ऐकून घेतलं. त्यांना ते पूर्ण खोटं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. पण सासूबाईंची साखर तपासून घे." आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

तेवीस दिवसांत वही संपली. पाच जणांनी गोळ्या सोडल्या होत्या. पाचही जणांनी पुन्हा सुरू केल्या, एकानं बरीच कुरकुर करून. या सगळ्यातून एक नवीन पद्धत पडली. मृणाली दर रविवारी सकाळी सुटीच्या दिवशी सासूच्या ओसरीत साखर मोजायचं यंत्र घेऊन बसायला लागली. ज्याला पान हवं त्यानं आपली गोळ्यांची पाकिटं आणायची, ती मृणालीला दाखवायची, बोट टोचून घ्यायचं. इन्सुलिनवाल्यांना पान नाहीच. बाकीच्यांना मृणाली सांगायची तसं, एकच कप, आणि डॉक्टरांना सांगून. थंडीत झाड जवळजवळ उघडं झालं होतं; वाळवलेला साठा होता तेवढाच. पण लोक यायचे ते आता पानापेक्षा मोजायला जास्त यायचे.

कुसुमलताभाभी नवव्या दिवशी घरी आल्या होत्या. पहिले काही आठवडे इन्सुलिन, मग पुन्हा गोळ्या. यावेळी पोट न बिघडवणाऱ्या. रुक्माबाई एक दिवसाआड त्यांच्याकडे जात आणि मृणालीनं शिकवलं तसं तळपाय आरशात बघायला लावत. भाभी पूर्वीसारख्याच बोलत. रिखबचंद मात्र बोलत नसत. रुक्माबाई दुकानासमोरून जिन्याकडे वळल्या की ते मापं पुसत बसायचे. त्या "भाऊ, बरं आहे ना?" म्हणायच्या आणि वर जायच्या. उत्तराची वाट बघत नसत. रिखबचंदांचा राग रुक्माबाईंना कळत होता. रागापेक्षाही अवघड काही त्यात होतं, हे मात्र कळलं नव्हतं. चार महिने आपण त्याच घरात जेवत होतो, बायकोच्या गोळ्यांचं पाकीट संपत नाही हे आपल्याला दिसलं कसं नाही, हा प्रश्न रिखबचंद रोज स्वतःला विचारत होते. हे भाभींनीच एकदा रुक्माबाईंना सांगितलं.

"तेस्ना राग तुमनावर नही, अक्का," भाभी म्हणाल्या.

माघाच्या शेवटी भाभींना डॉक्टरांनी थोडं थोडं चालायची परवानगी दिली. धुळ्याहून त्यांच्या पायाच्या मापाची मऊ चप्पल करून आणली होती. पहिल्या दिवशी त्या घरापासून चौकापर्यंत गेल्या आणि परत आल्या, रुक्माबाईंच्या हाताला धरून. तोल सांभाळायला वेळ लागत होता. करंगळी एवढी कामाची असते हे माहीतच नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी ओसरीत सात-आठ माणसं बसली होती. रुक्माबाई आत चहा गाळत होत्या. बाहेर कुणी आल्याची चाहूल लागली म्हणून त्यांनी डोकावून पाहिलं. दारात रिखबचंद उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. या घरी ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते.

चिंधाआबांनी खाटेवर सरकून जागा केली. "या शेठ, बसा."

रिखबचंद बसले. त्यांनी पानं गळलेल्या झाडाकडे पाहिलं, मग रुक्माबाईंकडे. "अक्का," ते म्हणाले. "मी माझी साखर कधी तपासलीच नाही. सत्तरावं चालू आहे. घाबरतो मी."

"भाभी पण घाबरायच्या, सुईला," रुक्माबाई म्हणाल्या. "आता स्वतःच बोट टोचतात."

"तेच ती म्हणाली. जाऊन या म्हणाली."

त्यांनी उजवा हात पुढं केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मृणालीनं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला.

"एकशे त्रेसष्ट," मृणाली म्हणाली. "सकाळी काय खाल्लंत, काका?"

"दोन खाकरे आणि चहा."

"मग यावरून नक्की काही सांगता येत नाही. उद्या उपाशीपोटी या. मी आठ वाजेपर्यंत घरी असते."

"आणि निघाली तर?"

"निघाली तर गोळी. आणि चालणं. भाभींबरोबर, हळूहळू."

रिखबचंदांनी बोटावरचा कापूस तसाच दाबून धरला होता. रुक्माबाईंनी त्यांच्यासमोर कप ठेवला. पानाचा नव्हे, दुधाचा, बिनसाखरेचा. त्यांनी एक घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं आणि उरलेला सगळा पिऊन टाकला.